आधी गळती, मग गती

जुनी जावा किंवा येझदी म्हैसूरलगतच्या बोगादीत आली म्हणजे माहेरीच आली. विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर ओलांडून शहरात शिरलं की थोड्याच वेळात यादवगिरी लागते आणि तिथेच या गाड्यांचा कारखाना होता. रुस्तम आणि फारूख इराणी यांची आयडियल जावा कंपनी १९६१ साली म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते सुरू झाली. चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा निघू लागल्या, १९७०च्या दशकात टाकीवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ साली कारखान्याला कुलूप लागलं. कारखाना गेला तरी त्यात हात काळे केलेले लोक गावातच राहिले. त्यामुळे या गाडीची नाडी ओळखणारा माणूस म्हैसुरात विचारत गेलं तर अजून सापडतो.

हे लिहितो आहे ते नोकरीनिमित्त इकडे आलेल्या आणि गावाकडची वडिलांची, आजोबांची गाडी सोबत आणलेल्या मंडळींसाठी. गाडी पोर्चमध्ये उभी आहे, रविवार मोकळा आहे, पान्यांचा सेट घेऊन झाला आहे आणि गाडी पूर्वीसारखी पळावी, जमलं तर पूर्वीपेक्षा जास्त पळावी अशी इच्छा आहे. या इच्छेतला दुसरा भाग तूर्त बाजूला ठेवा. येझदी रोडकिंग कारखान्यातून निघाली तेव्हा २४८.५ सीसीच्या इंजिनातून १६ अश्वशक्ती देत होती, साधी क्लासिक १३. आज त्यातलं किती शिल्लक आहे हे मोजायला यंत्र लागेल, पण उरलेलं कुठे गेलं हे यंत्राशिवाय कळतं. थोडं ऑइल सीलमधून गेलं, थोडं सायलेन्सरमधल्या कार्बनमध्ये अडकलं, थोडं चुकलेल्या टायमिंगने खाल्लं. तेवढं परत मिळवलं तरी बहुतेकांना गाडीत काहीतरी नवीन बसवल्यासारखं वाटतं.

तरीही पहिला पाना इंजिनाला लावू नका, चाकाला लावा. रोडकिंगचा वेग आणि तिचे ड्रम ब्रेक यांचं जमणं तेव्हाही जेमतेमच होतं, आता तर लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात. चाक काढल्यावर ड्रममधली काळी भुकटी फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. ड्रमला ओठासारखी कड आली असेल किंवा ब्रेक दाबताना लिव्हर हाताला धडधडत असेल, तर ड्रम लेथवर लावून घ्या. शू फिरवणारा कॅम बाहेर काढून साफ करा आणि त्याला ग्रीसचं नुसतं बोट लावा. जास्त झालं तर ते लायनरवर जातं. ब्रेकची केबल नवीनच घ्या. केबलवर पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही.

मग टाकी. बरीच वर्षं उभ्या गाडीच्या टाकीत तळाला गंज असतोच आणि तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. किराणा दुकानात मिळणारं लिंबू सत्त्व, लिटरभर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम, टाकीत भरून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा विसळा, मग साध्या पाण्याने. त्यानंतर वेळ घालवायचा नाही, कारण उघडा पडलेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. हेअर ड्रायरने किंवा कडक उन्हात वाळवून आत थोडं २टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल फिरवून घ्या.

आताच्या पेट्रोलचंही भान ठेवावं लागतं. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलच्या विक्रीची सुरुवात ६ फेब्रुवारी २०२३ ला शेजारच्या बंगळुरूतूनच झाली आणि आता ते सगळीकडे पोहोचलं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. टाकीच्या नळाचे वॉशर, पेट्रोलचा पाइप, कार्बोरेटरच्या गॅस्केटी यांत जुनं काही ठेवू नका. ऑइल मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये महिनोन् महिने साठवू नका. लागेल तेवढंच मिसळा. जुन्या पुस्तकात २० ते २५ भाग पेट्रोलला एक भाग ऑइल सांगितलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० ते ५० मिली. चांगल्या प्रतीचं ऑइल असेल तर ४० पुरतं, नव्या बोअरची गाडी असेल तर सुरुवातीला ५० ठेवा. गाडी आठवडाभर हलणार नसेल तर नळ बंद करून इंजिन पेट्रोल संपून बंद पडेपर्यंत चालू द्या.

इग्निशनचं काम थोडक्यात आटोपण्यासारखं आहे. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि नंतर कोऱ्या कागदाची पट्टी त्यांच्यामधून ओढा, नाहीतर पेपरची रेती तिथेच राहते. गॅप साधारण ०.४ मिमी, प्लगचा ०.६. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला. टायमिंग मात्र कानाने लावू नका. पॉइंटच्या जिवंत टोकापासून बॉडीपर्यंत सहा व्होल्टचा छोटा बल्ब जोडा आणि चावी चालू करून क्रँक हाताने हळू फिरवा. पॉइंट उघडला की बल्ब लागतो. त्या क्षणी पिस्टन वरच्या टोकापासून किती मिलिमीटर खाली आहे हे डायल गेजने मोजायचं. प्लगचं भोक तिरकं असेल तर हेड उतरवून मोजा. किती मिमी हवं ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात असतं. ए टाइप या जुन्या जावाचा आकडा रोडकिंगला लावू नका.

आता मुख्य काम. टू-स्ट्रोक इंजिनाचा क्रँककेस म्हणजे एक पंपच असतो. पिस्टन वर जाताना तो मिश्रण आत ओढतो, खाली येताना वर ढकलतो. या पंपाला कुठेही भोक पडलं की पुढचं सगळं बिघडतं. डायनामोच्या बाजूचं, म्हणजे उजवीकडचं सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस होते आणि एका लांब चढावर पिस्टन जाम होतो. डावीकडचं, क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरचं ऑइल पिऊ लागतं. धूर पांढरट आणि दाट येतो आणि गिअरबॉक्समधली पातळी कारण नसताना उतरते. गॅरेजमध्ये अशा गाडीला बहुतेक वेळा कार्बोरेटर साफ करून मिळतो, मग जेट बदलून मिळतं, मग रिंगा. सीलची आठवण सगळ्यात शेवटी होते.

हे घरी तपासता येतं आणि त्यासाठी लागणारं हत्यार अनेकांच्या घरात पडून असतं: बीपी मोजायचं जुनं यंत्र, हातपट्ट्याशिवाय. त्याचा रबरी फुगा आणि डायल तेवढे घ्या. दोन्ही सायलेन्सर आणि कार्बोरेटर उतरवा. या गाडीच्या एकाच सिलेंडरला दोन एक्झॉस्ट असतात, तेव्हा बुचंही दोन लागतील. लाकडी बुचाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून घट्ट बसवा आणि तारेने बांधा. कार्बोरेटरच्या जागी जाड पत्र्याची पट्टी, खाली रबर, मध्ये एक निपल. फुग्याची नळी त्या निपलवर. प्लग जागेवर कसलेला हवा, पिस्टन खाली. आता फुगा दाबत डायलचा काटा ३०० वर न्या. पाऱ्याचे ३०० मिमी म्हणजे साधारण ०.४ बार, टू-स्ट्रोकच्या चाचणीला लागतो तेवढाच दाब. याहून वर नेलात तर चांगलं सीलही जागेवरून उडेल.

आणि मग शांत बसून काटा पाहायचा. पाच-सहा मिनिटांत तो जवळपास तिथेच राहिला तर इंजिन ठीक. झरझर उतरला तर ब्रशने साबणाचं पाणी लावत जा: आधी तुमची स्वतःची बुचं (पहिली गळती बहुतेक तिथेच निघते), मग सिलेंडरच्या खालची गॅस्केट, हेडचा सांधा, क्रँककेसचा मधला जोड. उजवीकडे डायनामोचा रोटर काढला की सील दिसतं. त्याच्या ओठावर फेस फुगू लागला की गुन्हेगार सापडला. डावीकडचं सील दिसत नाही, पण गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पडदा धरून बघा. तो फुगला तर हवा क्रँककेसमधून गिअरबॉक्समध्ये जाते आहे. सील बदलायला स्प्रॉकेट आणि रोटर उतरवावा लागतो, आणि त्यासाठी त्या त्या मापाचा पुलर हवाच. हातोडी चालवू नका. हा क्रँक तुकडे दाबून जोडलेला असतो, एका ठोक्याने त्याची सरळ रेषा जाते आणि मग पूर्ण इंजिन फोडावं लागतं. एक सील गेलं असेल तर दुसरंही बदला.

सिलेंडर उतरवणार असाल तर सर्वांत आधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. पिस्टन पिनची सर्क्लिप सुटली की ती नेमकी त्या भोकाकडेच धावते. रिंग पिस्टनवरून काढून सिलेंडरमध्ये सरळ ढकला आणि तिच्या दोन टोकांतलं अंतर फिलर गेजने मोजा. अंतर जास्त असेल आणि सिलेंडरला नखाला लागणारी कड असेल तर बोअर करावा लागणार. हे काम घरचं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा बेळगावच्या उद्यमबागेत ओळख असेल तर सुट्टीत गावी जाताना ब्लॉक आणि नवा पिस्टन सोबत न्या. पिस्टन हातात असल्याशिवाय बोअर करून घेऊ नका. कारागिराला आवर्जून सांगा की ब्लॉक टू-स्ट्रोकचा आहे, पोर्टच्या कडा शेवटी हलक्या हाताने मोडून द्या. रोज चार-स्ट्रोकची कामं करणाऱ्याच्या हातून हे राहून जातं आणि धारदार कडेत रिंग अडकून तुटते. परत बसवताना रिंगांची टोकं पिस्टनवरच्या छोट्या पिनांशी जुळली पाहिजेत आणि पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे पाहिजे. कनेक्टिंग रॉडचा खालचा छर्रा वाजत असेल, रॉड वर-खाली धरून हलवल्यावर टकटक जाणवत असेल, तर घरातल्या कामाचा विचार सोडा आणि क्रँक प्रेस असलेल्या माणसाकडे जा.

सुटे भाग हा वेगळाच खेळ आहे. पुण्यात नाना पेठ, बंगळुरूत जे. सी. रोड, आणि म्हैसुरात जुन्या दुकानदारांची मागची कपाटं. कारखान्याचा शिल्लक माल आता दुर्मीळ. नव्याने बनवलेलं बरंच काही मिळतं, पण दर्जा कमी-जास्त. सील, बेअरिंग, पिस्टन यांवर खर्च करा; क्रोम, बॅज, टाकीचे रबर यांना घाई नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आंतरराष्ट्रीय जावा दिवस साजरा करतात. तिथे शोभेच्या गाड्या बघण्यापेक्षा मालकांशी बोला. कोणता पिस्टन टिकतो आणि कोणता आठवड्यात जाम होतो हे तिथेच कळतं.

सायलेन्सरच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. आतली जाळी काढली की आवाज मोठा होतो, म्हणून गाडी जोरात पळते असं वाटतं. टू-स्ट्रोकमध्ये बाहेर पडणाऱ्या धुराची दाबाची लाट पाइपच्या शेवटाकडून परत येते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलेंडरमध्ये मागे ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी हे तंत्र शर्यतीच्या गाड्यांवर पक्कं केलं. त्यांचा रेसर अर्न्स्ट डेगनर १९६१ साली, म्हणजे यादवगिरीचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, देश सोडून पळाला आणि ती विद्या सुझुकीकडे गेली. त्यानंतर जपानी टू-स्ट्रोक कुठल्या कुठे गेल्या. पाइपची लांबी आणि आकार यांत एवढी ताकद असते. तिथे अंदाजाने करवत लावली तर मिळण्यापेक्षा जाण्याचीच शक्यता जास्त. जाळी काढून फेकण्याऐवजी ती साफ करा. बाहेर काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत ठेवा, हातमोजे आणि चष्मा घालून. सोडा पाण्यात टाका, पाणी सोड्यावर ओतू नका. त्या बादलीजवळ ॲल्युमिनियमचा कोणताही भाग येऊ देऊ नका, तो विरघळतो. सिलेंडरच्या एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन लाकडाच्या किंवा पितळेच्या पट्टीने खरवडा. सिलेंडर जागेवरच असेल तर पिस्टन वर आणून पोर्ट झाकून घ्या.

एवढं झाल्यावर कार्बोरेटर. आधी केलंत तर दोनदा करावं लागेल, कारण गळती थांबल्यावर मिश्रण बदलतं. मुंबईहून आणलेली गाडी म्हैसुरात किंचित जाडच चालेल. इथली उंची साडेसातशे मीटरच्या वर आहे, हवा तेवढी विरळ. खात्रीसाठी चामुंडी टेकडीचा घाट हाताशी आहे. नवा प्लग लावा, सकाळी गर्दी नसताना चढाच्या सरळ भागात थ्रॉटल पूर्ण उघडून थोडं अंतर चढा, मग क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा आणि बाजूला थांबून प्लग काढा. कॉफीचा रंग असेल तर बरोबर. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ आहे, तसंच पुढे चढू नका. काळा आणि ओला असेल तर मेन जेट एक नंबर कमी करून बघा. वळणावर, माणसांच्या गर्दीत, मंदिराच्या वाराला हा प्रयोग करू नये हे सांगायला नको.

यानंतर बदलांचा विषय काढायला हरकत नाही. माझ्या मते या गाडीत करण्यासारखे बदल वेगाचे नाहीतच. सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टवर नेणं, पॉइंटच्या जागी सीडीआय बसवणं, नवीन फ्यूज, चांगले टायर, मागचे शॉक ॲब्सॉर्बर: यांनी गाडी रोज वापरण्याजोगी होते, आणि जुने भाग डब्यात जपून ठेवले तर सगळं परत पूर्ववत करता येतं. पोर्ट फाइलने मोठे करणं मात्र परत फिरत नाही. वरची कड अर्धा मिलिमीटर सरकली तरी इंजिनाचा ताकद देण्याचा पट्टा वर सरकतो, खालचा दम जातो, आणि जावाची खरी मजा त्या खालच्या दमातच आहे. राजदूत ३५० बाळगणाऱ्यांचं गणित वेगळं, ती गाडी मुळात वरच्या आरपीएमची.

घरच्या कामात खोलवर गेलेल्या माणसाचं उदाहरण म्हैसुरातच आहे. जुने रेसर सोमेंदर सिंग यांनी सिलेंडर हेडच्या स्क्विश पट्टीत (वर आलेल्या पिस्टनच्या कडेला हेडचा जो भाग अगदी जवळ येतो त्यात) खाचा पाडण्याची कल्पना काढली, २००१ साली तिला अमेरिकेचं पेटंट मिळालं आणि २००४ साली पॉप्युलर सायन्स या अमेरिकी मासिकाने त्यांच्यावर मोठा लेख छापला. मोठ्या कंपन्यांनी ती सरसकट उचलली नाही, पण जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या हेडवर खाचा पाडून पाहिल्या. तुम्हालाही मोह होईल. तो होण्याआधी आपल्या हेडला स्क्विश आहे का आणि किती, एवढं तरी मोजा: सोल्डरची तार प्लगच्या भोकातून सिलेंडरच्या भिंतीपर्यंत घाला, पिस्टन एकदा वरच्या टोकावरून फिरवा, तार काढून तिची चपटी बाजू व्हर्नियरने मोजा. हे केल्याशिवाय हेडला हात लावणाऱ्याला मी माझं हेड देणार नाही. आणि करायचंच असेल तर दुसरं हेड विकत घेऊन त्यावर करा.

काम करायच्या जागेबद्दल दोनच गोष्टी. तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवरचा पोर्च शेजाऱ्याच्या खिडकीला लागून असतो. इंजिन चालू करून बघायचं ते दुपारी आणि दार उघडं ठेवून. पेट्रोलची कामं चालू असताना शेजारी पायलट लाइटचा गीझर किंवा देवाजवळचा दिवा नको, अग्निशामक नळकांडं मात्र हवं. जुनं ऑइल गटारात ओतू नका. डब्यात साठवून गॅरेजवाल्याला द्या, तो ते विकतोच.

राहता राहिले कागद, आणि तिथे बेसावध राहू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. दुसरं इंजिन बसवलं असेल तर त्याचा नंबर आरसीवर चढलेला हवा. विकत घेताना चासीवरचा नंबर कापसाला थिनर लावून पुसा आणि स्वतः वाचा, विकणाऱ्याने काढलेल्या फोटोवर जाऊ नका. कोल्हापूरची एमएच-०९ गाडी म्हैसूर पश्चिमेच्या केए-०९ मध्ये वर्षभराहून जास्त ठेवणार असाल तर मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आणून इथे नोंद करावी लागते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं, त्यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते. ब्रेक आधी करा म्हणालो त्याचं हेही एक कारण.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेल्या गाडीसाठी जुलै २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. नवीन नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, प्लेटवर व्हीए ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. शिवाय अशी गाडी रस्त्यावर न्यायची ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. रोज ऑफिसला किंवा बोगादीच्या दुकानातून दूध आणायला तिच्यावरून जायचं असेल, तर गाडी पन्नाशीची असली तरी व्हीएच्या मागे न लागता साधं नूतनीकरणच करून घ्या.